बारा वर्षांचं पिवळ्या गुलाबाचं झुडूप: गुडघ्याएवढं छाटू का? आणि जागाही बदलायचीय

बकुळ_देवळाली
६ ऑक्टोबर, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय. जरा लांबलचक होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आमचं घर देवळाली कॅम्पला, जुनं बैठं, मंगलोरी कौलांचं. पुढे साधारण ३० बाय २० फुटांची बाग. बाग म्हणजे आखीव काही नाही, जास्वंद, सोनटक्का, गवती चहा, कढीपत्ता, शेवंती, मध्येच वांग्याची दोन रोपं, सगळं एकमेकांच्या अंगावर. त्यात पुढच्या कोपऱ्यात माझ्या सासऱ्यांनी २०१२ साली लावलेला पिवळा गुलाब आहे. पुण्याच्या एका गुलाब प्रदर्शनातून पिशवीतलं रोप आणलं होतं, मांडीवर ठेवून एसटीने. त्याच्या नावाची चिठ्ठी कधीच हरवली. बाबा त्याला नुसतं ‘पिवळा’ म्हणायचे.

हा हार-गुच्छातल्या गुलाबासारखा टोकदार कळीचा नाही. कळी गोल, बाहेरून जरा केशरट, आणि फूल उघडलं की वाटीसारखं, आत पाकळ्या इतक्या दाटीवाटीने की मधलं केसर दिसतच नाही. रंग गडद, पिकलेल्या हापूसच्या फोडीच्या जवळ जाणारा. वास गोडसर, बाबा म्हणायचे चहाच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखा. एका दांडीवर तीन-चार फुलं येतात.

आता अडचण. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून झाडाकडे नीट बघणारं कुणी नाही. मी नोकरी करते, रविवारी जमेल तेवढं करते. या पावसाळ्यात झाडाची पार दशा झालीय. नऊ-नऊ फुटांच्या पाच-सहा काड्या सरळ वर गेल्यात, खालून कमरेपर्यंत एक पान नाही, पानांवर काळे गोल ठिपके पडतात, मग पान पिवळं होतं आणि गळतं. फुलं येतात ती एकदम शेंड्याला, कौलांच्या उंचीवर, आईंना (सासूबाई) दिसतसुद्धा नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात, त्या ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसून बाग बघतात. पूर्वी पहिलं फूल त्या स्वतः तोडून देवाला वाहायच्या.

आणखी एक, वरची नवीन पानं येतात तीच फिकट पिवळी, शिरा मात्र हिरव्या. हे काळ्या ठिपक्यांचंच आहे की वेगळं? पाणी बोअरचं आहे, बादलीला पांढरा थर बसतो.

त्यात फेब्रुवारीत घराला पोर्च करायचाय आणि त्याचा एक खांब नेमका गुलाबाच्या जागेवर येतोय. माळीदादा म्हणाले, आत्ताच गुडघ्याएवढा छाटून टाकू आणि उपटून दुसरीकडे लावू, काही होत नाही. आईंनी ते ऐकलं आणि दोन दिवस धड जेवल्या नाहीत. तोंडाने काही म्हणत नाहीत.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. छाटायचा का आणि किती, हलवला तर जगेल का, आणि समजा नाहीच जगला तर त्याचं दुसरं रोप आधी कसं करून ठेवू. प्लीज कुणीतरी नीट सांगा.

—

काडी_आणि_डोळा
६ ऑक्टोबर, रात्री ११:०२

राम राम ताई. मी पिंपळगाव बसवंतचा, द्राक्षवाला. गुलाब घरच्या दारात आहेत आठ-दहा, पण खरं शिक्षण द्राक्षाचं. तरी सांगतो कारण तुमचं झाड जे बोलतंय ते आम्ही रोज बागेत ऐकतो.

पहिलं, माळीदादांना थांबवा. गुडघ्याएवढी छाटणी त्या लांब दांडीच्या एकेकट्या फुलाच्या गुलाबाला चालते, तुमचा झुडपी दिसतोय. त्याला एवढं कापलं की तो वर्षभर रागाने नुसत्या काड्याच वर फेकतो, फूल नाही. आणि त्याच दणक्यात मुळासकट उपटायचा म्हणजे दोन ऑपरेशनं एका दिवशी.

फुलं शेंड्यालाच का येतात ते बघा. काडी सरळ उभी असली की शेंड्याचा डोळा, म्हणजे जिथून नवी फूट निघते तो कोंब, खालच्या सगळ्या डोळ्यांना दाबून ठेवतो, स्वतः वाढतो आणि बाकीचे झोपलेले राहतात. तीच काडी आडवी केली की शेंड्याचा जोर मोडतो आणि काडीच्या पाठीवरचे डोळे एकेक करून फुटायला लागतात. आम्ही द्राक्षाचा ओलांडा, म्हणजे वेलीची मुख्य फांदी, तारेवर आडवा का नेतो, त्यातलं एक कारण हेच, वेल उभाच सोडला तर माल फक्त टोकाला. म्हणून तुमच्या नऊ फुटी काड्या कापू नका, वाकवा. शेंड्याची फूट-दीड फूट पेन्सिलीपेक्षा बारीक काडी तेवढी छाटा आणि बाकी काडी कमानीसारखी खाली आणून खुंटीला सुतळीने बांधा. फुलं कमरेच्या खाली येतील, आईंना झोपाळ्यावरून दिसतील.

वाकवताना एक सांभाळा, सकाळी काडी रसाने टरटरलेली असते, कट्‌कन मोडते. दुपारनंतर लवते. एका दिवसात पूर्ण खाली आणायची नाही, आज एक वीत, दोन-तीन दिवसांनी आणखी एक वीत, असं आठ-दहा दिवस. बुंध्याजवळ बोटाने दाबून बघायचं, कुरकुर आवाज आला की तिथंच थांबायचं.

फिकट पानं आणि हिरव्या शिरा, हे ठिपक्यांचं नाही. चुनखडीच्या रानात आमच्या वेलीला हेच होतं. लोह जमिनीत असतं पण चुन्यामुळे मुळांना उचलता येत नाही. तुमचं बोअरचं पाणी, बादलीला थर, म्हणजे तेच. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, त्यात ईडीडीएचए प्रकारचं मागा. ईडीटीए स्वस्त असतं पण चुन्याच्या जमिनीत टिकत नाही. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाण्यात कालवून बुंध्याभोवती द्या. जमेल तेवढं पावसाचं पाणी साठवून घाला.

वाकवून बांधल्यावर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, मारा, एक टक्का. घरच्यासाठी १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १० ग्रॅम चुना अर्धा लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळं, मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओता. घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा, तांबूस लेप चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. त्याच दिवशी वापरायचं. हे उघड्या काड्यांवर, कोवळ्या पानावर नको, पान भाजतं.

आणि कुणी द्राक्षवाला नातेवाईक म्हणाला की डोळे फुटायला आमची छाटणीनंतरची पेस्ट लावा, तर हात लावू देऊ नका. ते जहाल औषध आहे, घरच्या बागेत त्याचं काम नाही.

आम्ही छाटणीआधी पाण्याचा ताण देतो, गुलाबालाही मी आठ दिवस पाणी तोडून मुळं थोडी उघडी करतो, मग शेणखत भरतो. तुम्हीही करा.

—

बकुळ_देवळाली
७ ऑक्टोबर, सकाळी ७:२५

दादा, खूप खूप आभार. रात्रीच आईंना वाचून दाखवलं. ‘वाकवा’ हा शब्द ऐकून त्या म्हणाल्या, बाबा पण एक फांदी दगड बांधून वाकवायचे, मी त्यांना ओरडायचे. सकाळी ठिपक्यांचे फोटो टाकलेत, बघाल का.

—

गुलाब_मावशी_इंदिरानगर
७ ऑक्टोबर, दुपारी १:४०

बकुळ, फोटो बघितले. मी ३१ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि गुलाब त्याच्याही आधीपासून लावतेय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते, वेळ काढून वाच.

आधी नाव. चिठ्ठीशिवाय छातीठोक कुणीच सांगू शकत नाही, पण वाटीसारखं दाट फूल, गडद पिवळा, चहाचा वास, झुपक्यात फुलं आणि उष्ण हवेत वेलासारख्या लांब काड्या, हे सगळं ‘ग्रॅहम थॉमस’ला जुळतं. इंग्लंडमध्ये डेव्हिड ऑस्टिन यांनी १९८३ साली बाजारात आणलेला झुडपी गुलाब आहे तो. तिकडच्या थंडीत चार-पाच फुटांचं झुडूप राहतं, आपल्याकडे आठ-दहा फूट सहज जातं, त्यामुळे तुझं झाड ‘बिघडलं’ वगैरे नाही, हवा मानवलीय त्याला. ऑस्टिन यांचाच ‘गोल्डन सेलिब्रेशन’ पण गडद पिवळा आहे, पण त्याचं फूल बरंच मोठं आणि वजनाने खाली मान टाकणारं. तुझ्या फोटोतली फुलं मध्यम आहेत आणि माना वर आहेत. म्हणून माझा कौल पहिल्याला. २००९ साली जागतिक गुलाब महासंघाने ज्याला जगाचा आवडता गुलाब म्हणून निवडलं तो हाच.

आता ठिपके. फोटोत कडा फाटक्या, झालरीसारख्या दिसतायत, भोवती पिवळं, म्हणजे काळ्या ठिपक्याची बुरशीच. आणि पिवळ्या गुलाबांना हा त्रास जास्त का, ते सांगते, कारण हे कळलं की मग चिडचिड होत नाही. जुन्या युरोपियन गुलाबांत असा गडद पिवळा आणि पुन्हा पुन्हा फुलणारा गुलाब नव्हता. फिका पिवळा होता, चहाच्या वासाच्या चिनी गुलाबांतून आलेला. गडद पिवळा होता तो पश्चिम आशियातल्या ‘रोझा फिटिडा’ या जंगली जातीत. फ्रान्समधल्या लिआँ शहराजवळ पेर्ने-दुशे नावाच्या माणसाने वर्षानुवर्षं संकर करून त्या जातीचा रंग बागेतल्या गुलाबात उतरवला आणि १९०० साली ‘सोलेई दोर’ नावाचा गुलाब आणला. त्यानंतरच्या बहुतेक गडद पिवळ्या, केशरी गुलाबांत तेच रक्त आहे. पण रोझा फिटिडा ही काळ्या ठिपक्याला फार लवकर बळी पडणारी जात, त्यामुळे रंगाबरोबर तो कमकुवतपणाही पिढ्यान्‌पिढ्या आला. म्हणजे तुझ्या बाबांनी काही चुकवलं नाही, तूही नाही.

ही बुरशी पानावर सलग सात-एक तास ओल राहिली तरच आत शिरते. पावसाळ्यात ते आपल्या हातात नाही, पण आत्ता ऑक्टोबरपासून आहे. संध्याकाळी पाइपने झाडावर फवारा मारायची सवय असेल तर आजपासून बंद. सकाळी, बुंध्याशी, पान न भिजवता. जास्वंद आणि सोनटक्का गुलाबाच्या अंगावर आलाय तो हातभर मागे सार, वारं खेळू दे. आणि खाली पडलेलं एक-एक ठिपक्याचं पान उचलून जाळायचं किंवा कचऱ्यात द्यायचं, कंपोस्टच्या खड्ड्यात नाही. पुढच्या पावसाळ्याची बुरशी त्याच पानांत मुक्काम करते. झाडावरची ठिपक्याची पानं काढ, पण सगळं झाड ओरबाडून उघडं करू नकोस, ऑक्टोबरच्या उन्हात काड्या भाजतात.

पिंपळगावच्या दादांचं वाकवण्याचं अगदी बरोबर आहे, मी स्वतः तेच सांगणार होते. फक्त मुळं उघडी करण्याला माझा विरोध. तो प्रकार तरण्या, दरवर्षी कडक छाटणी होणाऱ्या गुलाबाला ठीक. हे झाड बारा वर्षांचं, रोगाने पानं गळालेलं, आणि तीन-साडेतीन महिन्यांत त्याला हलवायचंय. त्याच्याकडे साठवण म्हणून जे काही आहे ते काड्यांत आणि मुळांत. ताण देऊ नकोस. उलट बुंध्याभोवती वरची दोन बोटं माती हलकी मोकळी करून दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड पसर.

कापायचंच असेल तर एकच काप दे. सगळ्यात जुनी, राखाडी साल झालेली, भेगाळलेली काडी बुंध्यातून काढ. तिला आता फूल येणार नाही आणि ती गेली की खालून नवीन कोंब यायला जागा होते. बाकी सगळ्या वाकव.

थंडीत देवळालीला रात्री चांगलं गार असतं आणि दुपार कोरडी, तेव्हा भुरी येईल, कोवळ्या शेंड्यावर पीठ शिंपडल्यासारखी. पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, सकाळच्या गारव्यात. कडक उन्हात गंधक मारायचं नाही.

मुघलांच्या काळात या आपल्या नाशिकला गुलशनाबाद म्हणायचे, म्हणजे फुलाबागांचं गाव. मला ते नाव फार आवडतं. नाशिकच्या घरातला जुना गुलाब पोर्चच्या खांबाखाली जाऊ नये असं अगदी मनापासून वाटतं.

—

काडी_आणि_डोळा
७ ऑक्टोबर, दुपारी २:१५

मावशी, पटलं. हलवायचं आहे हे माझ्या डोक्यातून निसटलं. ताई, ताण देऊ नका, मावशींचं ऐका.

—

गच्ची_नंबर_चार
७ ऑक्टोबर, सायंकाळी ६:५०

मध्येच घुसतोय, सॉरी. माझ्याकडे सिडकोत गच्चीवर १२ इंची कुंडीत असाच पिवळा आहे, उन्हाळ्यात फूल एकदम छोटं आणि फिकट, दुपारपर्यंत पांढरट होतं. रोग आहे का?

—

गुलाब_मावशी_इंदिरानगर
७ ऑक्टोबर, रात्री ८:०५

नाही रे, रोग नाही. एप्रिल-मेच्या उन्हात पिवळा रंग उडतोच आणि फूल घाईने उमलतं म्हणून लहान राहतं. मार्च संपला की दुपारची सावली दे. आणि झुडपी गुलाबाला १२ इंची कुंडी म्हणजे वाढत्या पोराला गेल्या वर्षीचा बूट, निदान १८ इंची घे.

—

डोळा_भरतो
८ ऑक्टोबर, रात्री ९:३०

ताई, तुमचा तिसरा प्रश्न राहिला, रोप कसं करायचं, आणि माझ्या मते तोच पहिला आहे. मी गंगापूर रोडला नर्सरीत २२ वर्षं डोळे भरायचं, म्हणजे चांगल्या गुलाबाचा डोळा जंगली रोपाच्या खुंटावर बसवायचं, काम करतोय. खरं सांगतो, बारा वर्षांचं झाड हलवताना मी कुणालाच शंभर टक्के शब्द देत नाही. आधी त्याची पोरं करून ठेवा, मग मूळ झाडाला हात लावा.

डोळा भरायला जंगली गुलाबाचं खुंट लागतं, पेन्सिलीएवढं जाड, धारदार चाकू, प्लास्टिकची पट्टी, आणि हाताला सवय. ते तुम्ही घरी करू नका, नोव्हेंबर-डिसेंबरात मला चार काड्या आणून द्या, नुकतंच फूल गळलेल्या काड्या, डोळा फुगलेला पण फुटलेला नाही अशा. ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी. मी भरून देईन.

पण तुमच्या हातात त्याहून सोपी गोष्ट आहे. नऊ फुटांच्या काड्या तुम्ही तशाही वाकवणारच, मग त्यातल्या तीन खालपर्यंत आणा आणि दाब कलम करा. काडी जिथे जमिनीला टेकते तिथे खाली कुंडी ठेवायची, अर्धी माती, अर्धं कोकोपीट. टेकणाऱ्या भागात, डोळ्याच्या बरोबर खाली, काडीच्या खालच्या अंगाला दीड इंचाचा तिरका काप द्यायचा, काडीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, जास्त नाही. कापात काडेपेटीची काडी अडकवायची म्हणजे तोंड मिटत नाही. मुळं फुटायची पावडर असेल तर बोटभर लावा, नसेल तरी चालतं. मग तो भाग चार बोटं मातीत दाबून वर वीट ठेवायची, म्हणजे काडी उसळत नाही, आणि विटेखाली ओल टिकते. पुढचा शेंडा कुंडीच्या बाहेर वर बांधून ठेवायचा. बस. मूळ झाडाचं, म्हणजे आईचं, दूध चालूच असतं म्हणून हे सहसा मरत नाही. आणि याला खालून जंगली फूट येण्याचा प्रश्न नाही कारण हे स्वतःच्याच मुळांवर.

त्यावरून आठवलं, तुमच्या झाडाला बुंध्याच्या गाठीच्या, म्हणजे जिथे डोळा भरलेला असतो तिच्या, खालून एखादी फूट आलीय का बघा. जास्त काटेरी, पोपटी, फूल न देणारी. असेल तर ती खुंटाची. वरून कापायची नाही, माती बाजूला करून मुळापासून खाली ओढून तोडायची. लोक एका पानातल्या छोट्या पानांची, म्हणजे दलांची, संख्या मोजतात, सात म्हणजे जंगली. पण झुडपी गुलाबांनाही सात दलं येतात, त्यामुळे मोजू नका, कुठून निघाली तेवढं बघा.

हलवायचं जानेवारीच्या शेवटाला, पोर्चच्या आधी. पण तयारी आत्ता. बुंध्यापासून सव्वा फुटावर अर्धं वर्तुळ, फक्त अर्धं, कुदळीने फूटभर खोल चर घ्या आणि तो शेणखत-मातीने परत भरा. तिथली मुळं तुटतील आणि कापलेल्या तोंडाला बारीक तंतू मुळं धरतील. उरलेलं अर्धं डिसेंबरात. मग काढताना मातीचा गड्डा सुटत नाही. गड्ड्याला गोणपाट घट्ट बांधून, संध्याकाळी हलवायचं. नवा खड्डा दोन बाय दोन बाय दोन फूट, आठवडाभर आधी खणून ठेवा. तुमच्याकडे काळी माती असेल तर तळाला मुरूम टाका, नाहीतर पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात. आणि जिथे आधी गुलाब होता त्या जागी दुसरा गुलाब लावू नका, माती थकलेली असते, रोप बसून राहतं.

—

बकुळ_देवळाली
१३ ऑक्टोबर, रात्री १०:३०

केलं सगळं! काल-आज दोन दिवस सुट्टी टाकली. जुनी काडी काढली, एकच. तीन काड्या दाब कलमाला, दोन नुसत्या वाकवून कंपाउंडच्या बाजूने खुंट्यांना बांधल्यात, अजून पूर्ण खाली आल्या नाहीत. एक काडी वाकवताना कुरकुरली, मी जागच्या जागी थांबले. तिला मिस्टरांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीय, बघू. गाठीखालची फूट पण सापडली, अंगठ्याएवढी जाड झाली होती, आम्ही इतके दिवस तिलाच खत घालत होतो म्हणायचं. बोर्डोचा खिळा पहिल्यांदा तांबूस झाला, चिमूटभर चुना घातल्यावर स्वच्छ निघाला. पडलेली पानं दोन घमेली भरली.

आई खुर्ची टाकून शेजारी बसल्या होत्या. कुंड्यांवर कोळशाने तारीख त्यांनी लिहिली.

—

बकुळ_देवळाली
२८ डिसेंबर, सकाळी ८:१५

मंडळी, फोटो टाकलेत, आधी ते बघा मग वाचा.

कंपाउंडच्या बाजूच्या एका आडव्या काडीवर आईंनी आज सकाळी २३ कळ्या-फुलं मोजली. एका काडीवर! काडीच्या पाठीवरून दर तीन-चार बोटांवर एकेक छोटी फांदी उभी राहिलीय आणि तिच्या टोकाला झुपका. कुरकुरलेली काडी पण जगली, पट्टीच्या खाली गाठ धरलीय तिने. नवीन पानं गडद हिरवी आहेत, लोह दोनदा दिलं. भुरी आली होती मावशी, तुम्ही म्हणालात तशीच पीठ शिंपडल्यासारखी, गंधकाने थांबली. ठिपके अजून थोडे आहेत, खालच्या पानांवर, रोज सकाळी वेचते.

पोर्चच्या कंत्राटदाराशी बोललो. खांब हलत नाही म्हणाले, पण काम मार्चवर ढकललं, आम्हीच सांगितलं तसं. नवी जागा आईंनी ठरवलीय, झोपाळ्याच्या बरोबर समोर, चार-साडेचार तास तरी ऊन येतं तिथे. पुरेल का तेवढं?

आणि मोठा प्रश्न, कुंड्यांमधली मुळं आली का कसं कळायचं, आणि कधी कापायचं? आज ११ आठवडे झाले.

—

गुलाब_मावशी_इंदिरानगर
२८ डिसेंबर, सकाळी ९:००

अगं किती सुंदर! तेवीस! ऊन मात्र थोडं कमी आहे, सहा तास हवं. झोपाळ्याच्या समोरच हवं असेल तर वरची आंब्याची एखादी फांदी विरळ करता येते का बघ, सकाळचं ऊन मिळालं तर दव लवकर वाळेल, ठिपक्यांनाही ते बरं.

—

डोळा_भरतो
२८ डिसेंबर, रात्री ९:१०

ताई, छान झालंय काम. कुंडीच्या बाहेरचा शेंडा स्वतःच्या जोमाने वाढायला लागला, नवी पानं टाकली, की मुळं धरलीत असं समजायचं. कुंडीच्या खालच्या भोकातून पांढरं मूळ दिसलं तर उत्तमच. थंडीत जरा वेळ लागतो, घाई नको. संक्रांत झाली की मूळ झाडाकडच्या बाजूने काडीला अर्ध्यापर्यंत काप द्या, १५ दिवस तसंच ठेवा, शेंडा सुकला नाही तर पूर्ण तोडा. मूळ झाड त्यानंतरच हलवायचं. पाणी नेमाने, आणि वीट काढून, काडी ओढून बघू नका, नवीन मुळं तिथंच तुटतात.

—

बकुळ_देवळाली
२८ डिसेंबर, रात्री ९:३५

बरं झालं सांगितलंत. आई रोज एकदा वीट उचलून बघतात. उद्या सकाळीच सांगते त्यांना.